खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयातून कृषी विद्यापीठापर्यंत : प्रवेशाची पूर्वतयारी

जून महिन्यात तालुक्याच्या गावी सेतू सुविधा केंद्रापुढे जी रांग लागते, तीत पेरणीच्या लगबगीतून वेळ काढून आलेले अनेक पालक उभे असतात. मुलाने किंवा मुलीने बारावी विज्ञान शाखेतून चांगले गुण मिळविलेले असतात, सामाईक प्रवेश परीक्षाही दिलेली असते. अडलेले असते ते एखादे प्रमाणपत्र. काहींच्या बाबतीत प्रमाणपत्र असते, पण अर्जाची मुदत संपलेली असते. काहींना तर आपल्या पाल्याला ज्या अभ्यासक्रमाला जायचे आहे त्यासाठी वेगळीच परीक्षा द्यावयाची होती, हे त्याच वेळी प्रथम कळते. गुणवत्ता असूनही प्रवेश हुकतो, तो बहुधा अशा ठिकाणी.

शहरातील विद्यार्थ्याला ही माहिती शिकवणी वर्गातून, शेजाऱ्यांकडून किंवा आधी प्रवेश घेतलेल्या भावंडांकडून सहज मिळते. विज्ञान शाखेची एकच तुकडी असलेल्या खेड्यातील कनिष्ठ महाविद्यालयात ती सांगणारे कोणी असतेच असे नाही. शेतकऱ्याच्या घरी नियमित येणे-जाणे असलेला शिक्षित माणूस म्हणजे कृषी सहायक, कृषी विज्ञान केंद्राचा विषयतज्ज्ञ किंवा गावातील प्रगतशील शेतकरी. म्हणूनच कृषी विद्यापीठाच्या प्रवेशप्रक्रियेची माहिती या वाचकवर्गाला असणे अगत्याचे आहे.

कृषी विद्यापीठे आणि ग्रामीण विद्यार्थी

देशातील पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगर येथे स्थापन झाले. त्यानंतर लुधियाना येथे १९६२ मध्ये पंजाब कृषी विद्यापीठ उभे राहिले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२) अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान व मत्स्यविज्ञान यांसाठी नागपूर येथे स्वतंत्र विद्यापीठ आहे. शिक्षण, संशोधन आणि विस्तार ही तिन्ही कामे एकाच संस्थेने करावीत आणि तिची नाळ खेड्याशी जोडलेली असावी, ही या विद्यापीठांमागील मूळ कल्पना होय. कोरडवाहू शेतीची अडचण घरात अनुभवलेला विद्यार्थी वर्गात आला नाही, तर ही कल्पना अर्धवट राहते. त्यामुळे ग्रामीण विद्यार्थ्याचा प्रवेश हा केवळ त्या कुटुंबाच्या हिताचा प्रश्न नाही.

बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी हा चार वर्षांचा, आठ सत्रांचा अभ्यासक्रम सर्वपरिचित आहे. त्याखेरीज उद्यानविद्या, वनविद्या, कृषी अभियांत्रिकी, अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, सामुदायिक विज्ञान, मत्स्यविज्ञान असे पदवी अभ्यासक्रम आहेत. अनेक विद्यार्थ्यांना यांपैकी पहिल्याचेच नाव ठाऊक असते. तेथे जागा मिळाली नाही म्हणजे कृषी शिक्षणाचा मार्गच संपला, असा त्यांचा समज होतो. तो चुकीचा आहे.

प्रवेशाचे दोन दरवाजे

राज्य कृषी विद्यापीठात प्रवेश घेण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत.

पहिला मार्ग राज्याचा. महाराष्ट्रात राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाकडून घेतली जाणारी एमएचटी-सीईटी ही परीक्षा आणि त्यानंतरची केंद्रीभूत प्रवेशप्रक्रिया या मार्गाने बहुसंख्य जागा भरल्या जातात. विद्यापीठांची स्वतःची म्हणजे घटक महाविद्यालये आणि त्यांना संलग्न असलेली खासगी महाविद्यालये, दोन्हींचा यात समावेश होतो.

दुसरा मार्ग राष्ट्रीय. कृषी विद्यापीठांतील सुमारे २० टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. पूर्वी त्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची स्वतंत्र परीक्षा होती. २०२३ पासून पदवी प्रवेशासाठी सीयूईटी या राष्ट्रीय परीक्षेचे गुण ग्राह्य धरले जातात. या मार्गाने महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला लुधियाना, पंतनगर, कोइम्बतूर, बंगळूर अशा नामवंत ठिकाणी जाता येते. आपल्या राज्याबाहेर या कोट्यातून पदवीचे शिक्षण घेणाऱ्यांसाठी परिषदेची दरमहा २,००० रुपयांची राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्तीही आहे.

येथे दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, सीयूईटी दिली म्हणजे कृषी विद्यापीठाकडे अर्ज झाला असे नव्हे. निकालानंतर परिषदेच्या समुपदेशन प्रक्रियेत स्वतंत्र नोंदणी करून पसंतीक्रम भरावा लागतो. ही पायरी माहीत नसल्याने चांगले गुण वाया गेल्याची उदाहरणे दरवर्षी घडतात. दोन, पशुवैद्यक पदवीसाठी यांपैकी कोणतीही परीक्षा उपयोगाची नाही; तेथे ‘नीट’ परीक्षेच्या गुणांवर प्रवेश होतो. जनावरांचा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला हे अकरावीतच सांगितले पाहिजे.

दोन परीक्षांमधील फरक

दोन्ही परीक्षा संगणकावर होतात आणि दोन्हींत बहुपर्यायी प्रश्न असतात. मात्र त्यांची तयारी सारखी नाही.

१. अभ्यासक्रम : एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर आधारित असते. तीत बारावीच्या भागाला सुमारे ८० टक्के व अकरावीच्या निवडक भागाला सुमारे २० टक्के भार असतो. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांना धरून असतो. बालभारतीचे पुस्तक पक्के झाल्यानंतर एनसीईआरटीचे पुस्तक समोर ठेवून त्यातील वेगळे मुद्दे तेवढे टिपून घेणे, ही सोयीची पद्धत आहे. ही पुस्तके परिषदेच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.

२. वेळ : एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे १०० प्रश्न ९० मिनिटांत सोडवावे लागतात, म्हणजे प्रत्येक प्रश्नास ५४ सेकंद. जीवशास्त्राचेही १०० प्रश्न ९० मिनिटांतच असतात. गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत असून प्रत्येकास २ गुण आहेत. सीयूईटीत प्रत्येक विषयाचे ५० प्रश्न ६० मिनिटांत, म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद मिळतात.

३. चुकीच्या उत्तराचा दंड : एमएचटी-सीईटीत चुकीच्या उत्तरासाठी गुण कापले जात नाहीत. म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. सीयूईटीत बरोबर उत्तरास ५ गुण मिळतात व चुकीच्या उत्तरास १ गुण वजा होतो. चार पर्यायांपैकी दोन निश्चितपणे बाद करता आले, तर उरलेल्या दोहोंतून एक निवडल्यास सरासरीने २ गुणांचा लाभ होतो. दंडाच्या भीतीने असे प्रश्न सोडून देणे हिताचे नाही.

४. भाषा : एमएचटी-सीईटीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही मिळतात, गणित मात्र इंग्रजीतच असते. सीयूईटीतही मराठी माध्यम उपलब्ध आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला विद्यार्थी साहजिकच मराठीकडे झुकतो. परंतु अकरावी-बारावीची विज्ञानाची पुस्तके त्याने इंग्रजीतून वाचलेली असतात आणि परीक्षेत ‘संवेग’, ‘विलेयता’, ‘प्रकाशसंश्लेषण’ असे शब्द अकस्मात समोर आले तर त्याचा गोंधळ उडतो. ज्या भाषेत दोन वर्षे अभ्यास केला, त्याच भाषेत प्रश्नपत्रिका घ्यावी. माध्यमाचा निर्णय सराव परीक्षा देऊन मगच करावा.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

एमएचटी-सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो आणि येथे पालकांची मोठी गल्लत होते. समजा, एका सत्रात २०,००० विद्यार्थी बसले आणि त्यांपैकी १८,००० जणांचे गुण आपल्या विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी आहेत. तर त्याचा पर्सेंटाइल ९० होय. त्याला २०० पैकी १८० गुण मिळाले, असा त्याचा अर्थ नाही. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते आणि सर्व प्रश्नपत्रिका सारख्या कठीण नसतात. त्या असमानतेचे निराकरण या पद्धतीने होते. म्हणून ‘पेपर अवघड गेला’ एवढ्यावरून विद्यार्थ्याने खचून जाऊ नये. पेपर सर्वांनाच अवघड गेला असेल, तर कमी गुणांतही पर्सेंटाइल चांगला राहतो.

कागदपत्रे : खरी अडचण येथे आहे

अभ्यासाची उणीव मेहनतीने भरून काढता येते. कागदपत्रांना मात्र कार्यालयाचा वेळ लागतो. त्यामुळे दहावीचा निकाल लागताच कागदपत्रांची धारिका तयार करण्यास प्रारंभ करावा.

सर्वांत आधी नावाची तपासणी. दहावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार कार्ड आणि बँक खाते यांवरील नाव, जन्मतारीख व वडिलांचे नाव अक्षरशः एक असावे. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव एक आणि दाखल्यावर दुसरे, ही तफावत खेड्यांत सर्रास आढळते. तिची दुरुस्ती प्रवेशाच्या आठवड्यात होत नाही.

राखीव प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र आवश्यक असते. ते जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून मिळते. अनुसूचित जमातींसाठी स्वतंत्र समित्या आहेत. या कामात पूर्वजांच्या जातीची व वास्तव्याची जुनी नोंद लागते. तिचे मानीव दिनांक प्रवर्गानुसार भिन्न आहेत : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, तर इतर मागास व विशेष मागास प्रवर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७. आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या प्रवेश नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुकाची नक्कल, जुने महसुली अभिलेख यांचा शोध घेण्यास कधी कधी काही महिने लागतात. रक्ताच्या नात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत जोडावी. काम सुकर होते. विज्ञान शाखेचा विद्यार्थी महाविद्यालयामार्फत हा अर्ज अकरावीतच करू शकतो आणि तो तेव्हाच करावा.

राज्याचे व केंद्राचे प्रवर्ग एकच नाहीत, याची जाणीव फार थोड्यांना असते. विमुक्त जाती, भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग हे राज्याचे प्रवर्ग आहेत; अखिल भारतीय कोट्यात ते स्वतंत्रपणे नसतात. संबंधित जात केंद्राच्या इतर मागासवर्गीय सूचीत असेल, तर त्या सवलतीसाठी केंद्राच्या विहित नमुन्यातील नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र घ्यावे लागते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या प्रमाणपत्राचेही राज्यासाठी व केंद्रासाठी नमुने वेगळे आहेत आणि ते त्या आर्थिक वर्षापुरतेच चालते. दोन्ही दरवाजे ठोठावणाऱ्या विद्यार्थ्याने दोन्ही नमुन्यांतील प्रमाणपत्रे जवळ ठेवावीत.

याशिवाय वय-अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, सातबारा व आठ-अ यांचे अद्ययावत उतारे धारिकेत असावेत. शेतजमिनीविषयीचा पुरावा कोणत्या नमुन्यात व कोणाच्या नावे हवा, हे दरवर्षीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. मागील वर्षी प्रवेश घेतलेल्याच्या सांगण्यावर विसंबून न राहता चालू वर्षाची पुस्तिका वाचावी.

पसंतीक्रम भरताना

गुणवत्ता यादीत नाव लागले म्हणजे काम संपत नाही. संगणक विद्यार्थ्याचा पसंतीक्रम वरून खाली वाचतो आणि त्याच्या गुणांना जी पहिली जागा मोकळी असेल ती देतो. खाली लिहिलेले महाविद्यालय सहज मिळणारे आहे म्हणून ते वर लिहिण्याचे काहीच कारण नाही. वर लिहिलेले मिळाले नाही तर खालचे हातचे जात नाही. म्हणून खरोखर हवे असलेले महाविद्यालय प्रथम लिहावे आणि यादी पुरेशी लांब ठेवावी. तीन-चार नावे लिहून थांबणारा विद्यार्थी चांगले गुण असूनही फेरीबाहेर राहू शकतो.

महाविद्यालय निवडताना ते घटक आहे की संलग्न, त्याचे शुल्क किती, वसतिगृह आहे का, प्रक्षेत्र व प्रयोगशाळा कशा आहेत, यांची चौकशी करावी. शक्य असल्यास प्रत्यक्ष भेट द्यावी. प्रक्षेत्र पाहून महाविद्यालयाची परीक्षा करण्यात शेतकरी पालक कोणाहूनही कमी पडत नाही.

खर्च आणि साहाय्य

खर्चाच्या धास्तीने अर्जच न करणारी कुटुंबे थोडी नाहीत. त्यांच्यापर्यंत पुढील माहिती पोहोचली पाहिजे. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. २०२४-२५ पासून ८ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्यात आली आहे. कृषी अभ्यासक्रमांचाही यात अंतर्भाव आहे. ‘मुलीला एवढे लांब आणि एवढा खर्च करून कशाला?’ या प्रश्नाच्या उत्तरार्धाला आता ठोस उत्तर उपलब्ध आहे.

या सवलतींसाठी केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेतलेला असणे महत्त्वाचे असते. ‘थेट प्रवेश करून देतो’ असे सांगणाऱ्या मध्यस्थामार्फत व्यवस्थापन कोट्यातून घेतलेली जागा महागही पडते आणि सवलतही घालविते. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी नव्याने भरावे किंवा नूतनीकरण करावे लागतात; रक्कम आधार संलग्न बँक खात्यात जमा होते.

महाराष्ट्राबाहेरील मराठी कुटुंबांसाठी

प्रवेशाचे नियम राज्यागणिक बदलतात. बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरातील मराठी शेतकरी कुटुंबांना कर्नाटकाचे नियम लागू होतात. तेथे कृषी विद्यापीठांतील शेतकरी कुटुंबांसाठीचा कोटा २०२१ मध्ये ४० टक्क्यांवरून ५० टक्के करण्यात आला. या कोट्यातील उमेदवारांची शेतीच्या प्रत्यक्ष ज्ञानाची प्रात्यक्षिक परीक्षाही होते. बऱ्हाणपूर भागातील विद्यार्थ्यांना मध्य प्रदेशाची पूर्व-कृषी परीक्षा पाहावी लागते. तामिळनाडूत राज्याच्या कोट्यातील कृषी प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो आणि शासकीय शाळांत शिकलेल्यांसाठी २०२१ च्या कायद्यान्वये ७.५ टक्के जागा राखीव आहेत. केरळात कृषी पदवीसाठी ‘नीट’ची क्रमवारी धरली जाते. राज्याच्या कोट्यातील सवलती साधारणतः त्या राज्याच्या रहिवाशांपुरत्या असतात. इतरांसाठी अखिल भारतीय कोटा हाच मार्ग होय.

दोन वर्षांचे वेळापत्रक

- दहावीनंतर : विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्रासह गणित, जीवशास्त्र किंवा दोन्ही घ्यावेत. अभियांत्रिकीकडे कल असल्यास गणित, पशुवैद्यकाकडे असल्यास जीवशास्त्र अनिवार्य समजावे.
- अकरावी : नावातील दुरुस्त्या, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्राचा अर्ज. अकरावीचा अभ्यास टाळू नये. प्रवेश परीक्षेत त्याला भार आहे.
- बारावी, पहिले सत्र : दर आठवड्यास एक वेळ लावून सराव चाचणी. संगणकावर सराव करण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी शोधावी.
- बारावी, दुसरे सत्र : दोन्ही परीक्षांचे अर्ज. अर्जातील मोबाइल क्रमांक व ई-मेल विद्यार्थ्याचा स्वतःचा किंवा घरातील असावा, केंद्रचालकाचा नसावा. परवलीचा शब्द वहीत लिहून ठेवावा.
- एप्रिलनंतर : उत्पन्न, नॉन-क्रिमीलेअर व आर्थिक दुर्बल घटक प्रमाणपत्रे नव्या आर्थिक वर्षाची घ्यावीत.
- निकालानंतर : राज्याची व राष्ट्रीय अशा दोन्ही प्रक्रियांत नोंदणी, पसंतीक्रम आणि प्रत्येक फेरीच्या तारखांकडे लक्ष.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

यासाठी नवी योजना किंवा निधी लागत नाही. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी ‘कृषिदूत’ व ‘कृषिकन्या’ म्हणून गावोगावी राहतात. माती परीक्षण व बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकांबरोबर त्यांचा एक तास जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात ठेवावा. चार वर्षांपूर्वी त्याच अडचणींतून गेलेला तरुण किंवा तरुणी जे सांगेल, ते कोणत्याही पत्रकापेक्षा अधिक पटते. कृषी विज्ञान केंद्रांनी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अकरावीच्या विद्यार्थ्यांसाठी प्रक्षेत्र भेट ठेवून त्याच दिवशी कागदपत्रांची यादी हाती द्यावी. गावातील प्रगतशील शेतकऱ्याने संगणक व इंटरनेट जोडणी अर्ज भरण्याच्या दिवसांत उपलब्ध करून दिली, तरी दोन-चार घरांची तालुक्याची फेरी वाचते.

पेरणीचा हंगाम साधायचा तर बियाणे, खते व मशागत आधी सिद्ध ठेवावी लागते, हे शेतकऱ्याला शिकवावे लागत नाही. प्रवेशाचा हंगामही जूनमध्ये येतो आणि त्याची मशागत दोन वर्षे आधी सुरू व्हावी लागते. येत्या आठवड्यात शेतावर जाल, तेव्हा पिकाच्या चौकशीबरोबर ‘घरात अकरावीला कोणी आहे का?’ एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.